पाण्यात पाहणारा

पहाटेचे साडेपाच वाजले होते. धामणबर्डीच्या जानरावच्या शेततळ्यावर शे-दीडशे माणसं चपला काढून उभी होती आणि कोणी खोकलं तरी बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होते. कामरगावहून दोन जिपा भरून आल्या होत्या. एक म्हातारा आपल्या म्हशीचं औषध विचारायला आला होता, पण त्याला थांबवून ठेवलं होतं, कारण आधी माशांचा नंबर होता.

तळ्याच्या काठावर पाट, पाटावर मखमली गादी आणि गादीवर मीनानंद महाराज. अंगात मोरपंखी झब्बा, गळ्यात शिंपल्यांची माळ. समुद्र वाशीम जिल्ह्यापासून किती लांब आहे हे कोणी विचारलं नाही. महाराजांनी पितळी घंटी तीनदा वाजवली आणि डोळे मिटून म्हणाले, "या लेकरांनो. नामाची वेळ झाली."

आणि मासे खरंच वर होते. रोहू, कटला, मृगळ, सगळे. शेकडो तोंडं पाण्याच्या पृष्ठभागावर, एकसारखी उघडत-मिटत. पळत नाहीत, दचकत नाहीत, माणसाची सावली पडली तरी खाली जात नाहीत. बायांनी पदर पुढे घेतले. मोबाइल वर झाले.

"ओठ बघा त्यांचे," महाराज म्हणाले. "हलतात का?"

"हलतेत, महाराज."

"नुसते हलत नाहीत. जप चालू आहे. ऐकू येत नाही, कारण आपले कान संसारानं बुजलेत."

"मले तं राम राम वाटून राह्यलं," पुढची एक बाई म्हणाली.

"मले हरी हरी," म्हशीवाला म्हातारा म्हणाला.

"ज्याचा जो देव त्याला तसं ऐकू येतं," महाराजांनी निकाल दिला. दोन्ही पक्ष खूश झाले. मग महाराज मुद्द्यावर आले. मुद्दा म्हणजे त्यांच्या मागे रचून ठेवलेली पोती. "रोग शिरतो कुठून? शरीराच्या दारांतून. हे महाकवच पाण्यात पडलं, की माशाच्या प्रत्येक दाराला कडी लागते. आतून. परदेशात दुर्बीण लावून पाहिलं, तर कवचाच्या माशाभोवती निळं वर्तुळ दिसलं. गोरे लोक रडले. म्हणाले, आम्ही इतकी वर्षं उगाच लस टोचत बसलो."

जानराव हात जोडून महाराजांच्या उजव्या बाजूला उभा होता. नवी टोपी घातली होती. फोटोत तोच यायचा, तळं त्याचंच होतं.

आणि बांधापलीकडे, आपल्या तुरीच्या वाफ्यात, तण काढायचं सोंग करून एक माणूस वाकला होता. हातात तणाची एक काडी नव्हती. हा पंजाबराव, जानरावचा मोठा चुलतभाऊ. त्याचंही शेततळं बांधाला लागूनच, तेवढ्याच मापाचं, तशीच काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेलं. पण तिकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं.

मराठीत एक बोलणं आहे. ज्याचं बरं झालेलं आपल्याला बघवत नाही, त्याला आपण पाण्यात पाहतो. पंजाबराव जानरावला गेली तीस वर्षं पाण्यात पाहत होता. सुरुवात झाली तेव्हा दोघांपैकी कोणाकडे तळं पण नव्हतं. विजेचा खांब आधी जानरावच्या दारात आला. स्लॅब आधी जानरावच्या घरावर पडला. पोळ्याला तोरणाखाली जानरावची जोडी पुढे उभी राहिली, तर पंजाबरावला त्या दिवशी पुरणपोळी गोड लागली नाही. मग दोघांनी एकाच वर्षी तळी खोदली, एकाच गाडीतून मत्स्यबीज आणलं, आणि गेल्या हिवाळ्यात पंजाबरावच्या माशांना अंगावर लाल चट्टे पडून निम्मं तळं गेलं. जानरावचा एक मासा मेला नाही. त्याला पाण्यात पाहायचं ते आता खरोखर पाण्यातच पाहावं लागत होतं.

पंजाबराव रोज पाहत होता. पहाटे उठायचा, लोटा घ्यायचा आणि तुरीत जाऊन बसायचा. जानरावच्या तळ्यावर कोण आलं, किती जिपा आल्या, महाराज कोणत्या अंगाला बसले, मासे किती वेळ वर राहिले, सगळं त्याच्या ध्यानात. अभ्यासाकडे एवढं लक्ष दिलं असतं तर माणूस तहसीलदार झाला असता. आणि घरी येऊन वच्छलाला, म्हणजे बायकोला, रोज तेच ऐकवायचा.

"आपले मासे वर काहून येत नाई वं?"

"कायले येतीन? त्यायचं खाली बरं चाललं हाय."

"देव त्यालेच बरा पावते. आपले मासे नास्तिक निंगाले."

वच्छलाचे हात चालूच होते. ती खलबत्त्यात लसूण ठेचत होती. दीड वर्षापूर्वी ती बचत गटाच्या बायांबरोबर कारंज्याला मत्स्यपालनाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेली होती. लाल चट्ट्यांचा दणका बसल्यापासून तिनं शिबिरात शिकवलेलं सुरू केलं होतं: लसूण, हळद, मापानं, ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, आणि कोंड्याच्या खाद्यात कालवायची, थोडं तेल लावून वाळवायची आणि भोकं पाडलेल्या पिशवीत भरून बांबूला टांगायची. मासे टोचून टोचून खातात, वाया जात नाही. माशांची रोगाशी लढायची ताकद वाढते, सरांनी सांगितलं होतं. निळं वर्तुळ वगैरे काही दिसलं नव्हतं. एवढंच, की पावसाळा सरत आला तरी अजून एकाही माशाला चट्टा नव्हता. पण ज्या तळ्यावर चट्टा पडत नाही त्याचा फोटो कोण काढणार?

पुढच्या सोमवारी वच्छला शिरपूरला बहिणीकडे गेली, पाच-सहा दिवसांसाठी. ती एसटीत बसली तशी पंजाबरावनं टोपी झटकली आणि बांध ओलांडून महाराजांच्या मुक्कामी गेला. मुक्काम जानरावच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत होता. जानराव सोयाबीनच्या वावरात गेला आहे हे पाहूनच तो गेला.

महाराजांनी त्याचं तळं पाहिलं. पाण्यात बोट घातलं, वास घेतला, मान हलवली.

"तुझे मासे गर्विष्ठ आहेत."

"असं कसं, महाराज? मी तं गरीब माणूस."

"मालकाच्या मनात असतं ते माशात उतरतं. तुझ्या मनात कोणाबद्दल तरी जळजळ आहे."

पंजाबरावनं झटकन हात जोडले. सगळ्या धामणबर्डीला माहीत असलेली गोष्ट महाराजांनी केवळ अंतर्ज्ञानानं ओळखली होती.

"रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक पोतं कवच. पिशवीत नाही, सरळ पाण्यात. आणि रात्री मोटर लावायची नाही. लोखंडाच्या आवाजानं माशांची समाधी मोडते."

पंजाबरावनं पोती आणली. वच्छलाच्या लसणाच्या पिशव्या काढून झाडाला टांगल्या आणि पोतीच्या पोती कवच पाण्यात रिकामं केलं. छान गोडसर वास होता, कापराचा. मोटरचा ऑटो काढून टाकला. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री दहा ते सकाळी सहा, आणि रात्री कोण उठणार, म्हणून जो तो मोटरला ऑटो बसवतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू, विहिरीचं पाणी पाइपातून वरून धो धो तळ्यात. तेवढं बंद केलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मासे काही वर आले नाहीत. पाणी मात्र हिरवं होत चाललं. शुक्रवारी आभाळ भरून आलं, दिवसभर ऊन नाही. त्याच संध्याकाळी वच्छला शिरपूरहून परत आली, दमली होती, जेवून झोपली. आणि शनिवारी पहाटे पंजाबराव लोटा घेऊन निघाला, सवयीनं जानरावच्या तळ्याकडे पाहिलं, मग आपल्या तळ्याकडे पाहिलं, आणि लोटा हातातून पडला.

मासे वर होते. त्याचे स्वतःचे मासे. शेकडो तोंडं, उघडतात, मिटतात.

तीस वर्षांत पहिल्यांदा जानरावच्या घरी आलेलं काहीतरी त्याच्याही घरी आलं होतं. पंजाबरावचे डोळे भरून आले. तो घराकडे धावत सुटला. "अवं वच्छला, उठ. आपले पण जप करून राह्यले. जानरावपेक्षा जास्त हायेत, मोजून घे."

वच्छला डोळे चोळत आली. तिनं पाणी पाहिलं, पाण्याचा रंग पाहिला, झाडावर टांगलेल्या आपल्या पिशव्या पाहिल्या. मग ती मोटरच्या पेटीकडे पळाली.

"अवं मोटर नको. समाधी..."

"समाधीच लागून राह्यली त्यायले. कायमची." तिनं खटका दाबला.

पाइपातून पाणी उसळलं आणि उंचावरून तळ्यात कोसळू लागलं. पंजाबराव पाहतच राहिला. मासे एकेक करून वळले. सगळे पाइपाच्या बाजूला, जिथे पाणी फेसाळत होतं तिथे गर्दी करून गेले. लग्नात पंगतीला धावतात तसे. थोड्या वेळानं एक खाली गेला, मग दुसरा. अर्ध्या तासात पाण्यावर एक तोंड उरलं नाही.

वच्छला बांधावर बसली.

"पाण्यातली हवा संपली होती," ती म्हणाली. "दिवसा उन्हात पाण्यातलं हिरवं शेवाळ हवा सोडते. रातभर थे पण हवाच खाते. म्हणून पहाटे हवा सगळ्यात कमी. त्यात आभाळ. आन् त्यात तुमी पोतं-पोतं कोंडा ओतला, थो सडला, सडाले पण हवा लागते. मंग मासा वर येऊन तोंड उघडते. थो जप नाई, त्याले दम लागून राह्यला. शिबिरात पयल्याच दिवशी सांगतलं होतं. मासा पहाटे वर आला तं पयले मोटर लावा."

पंजाबरावच्या डोक्यात एकेक गोष्ट खाली बसत गेली. तुरीत वाकून त्यानं जे जे पाहिलं होतं ते सगळं. पहिल्यांदा जानरावच्या तळ्यावर दर्शन झालं तेव्हा दिवसाच्या लाइटीचा आठवडा होता. पुढच्या आठवड्यात लाइट रात्री आली, जानरावच्या ऑटोनं मोटर रातभर चालली, आणि सात दिवस एक मासा वर आला नाही. तेव्हा महाराज म्हणाले होते, माशांचं मौनव्रत आहे. आणि त्यानंतर महाराजांनी जानरावला ऑटो काढायला लावला. तेव्हापासून मौनव्रत झालं नाही.

"म्हणजे त्याले मालूम होतं," पंजाबराव म्हणाला. "बुवाले. मोटरचं."

"नाईतं मोटरच्या मागे कायले लागला असता?"

"आन् जानरावचे मासे रोज..."

"रोज मरता मरता वाचून राह्यले. आन् वरून रोज कवच. एखाद्या आभाळाच्या पहाटे सगळं तळं पालथं होईन."

आता खरं सांगायचं तर, आणि खोटं सांगायला ही कथा नाही, पंजाबरावला त्या वेळी आनंद झाला. नवी टोपी, फोटो, जिपा, सगळं आता उलटं होणार होतं आणि त्याला बोटही लावायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"सांगून या त्यायले," वच्छला म्हणाली.

"सांगीन."

त्यानं सांगितलं नाही. शनिवार गेला. रविवारी जानरावनं गावभर निरोप दिला, सोमवारी पहाटे महादर्शन आहे, कारंज्याचे मोठे लोक येणार, आणखी पाच तळेवाले कवचाची दीक्षा घेणार. पंजाबराव तुरीतून ऐकत होता आणि आभाळाकडे पाहत होता. आभाळ हटत नव्हतं.

रविवारी सकाळी दर्शन आटोपल्यावर जानरावच्या तळ्यात एक कटला उलटा तरंगताना दिसला. चांगला भरला होता, किलोच्या वर. महाराज म्हणाले, याला मुक्ती मिळाली, भाग्यवान जीव. लोक गेल्यावर जानराव एकटाच पन्नीवरून घसरत घसरत पाण्यात उतरला, त्यानं तो मासा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मुक्ती मिळाल्यासारखं माशाचं तोंड दिसत नव्हतं.

पंजाबरावला गेला हिवाळा आठवला. लाल चट्ट्यांचे मासे टोपल्यांनी काढताना हाच जानराव न बोलावता आला होता. धोतर खोचून गार पाण्यात उतरला, दुपारपर्यंत मेलेले मासे काढून दिले, खड्डा खणून दिला आणि चहा न पिता गेला. पंजाबरावनं तेव्हा वच्छलाला म्हटलं होतं, पाह्याले आलता आपलं वाटोळं कसं झालं थे. इतके महिने तो तेच धरून बसला होता. आज त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं लोटा तिथेच ठेवला आणि बांध ओलांडला.

"जानराव, ऑटो बसव लेका. मासे गुदमरून राह्यले. थो जप नाई, दम हाय. माह्या तळ्यात पण झालं, मी डोयानं पाह्यलं."

जानराव मासा हातात घेऊन वळला. "तुमच्या तळ्यात? म्हणजे तुमी पण कवच टाकलं?"

"टाकलं."

"मले न सांगता?"

जानरावची बायको गोमतीबाई गोठ्यातून बाहेर आली होती. ती थोरल्या दिराला म्हणाली, "भासरेबुवा, तुमाले आमचं बरं झालेलं कधी पाह्यवलं का? खांब आला तवा पण तुमी म्हणत होते, करंट लागून मरतीन."

"उद्या महादर्शन हाय आन् आज तुमाले दम दिसला," जानराव म्हणाला. "दादा, तुमी जळून राह्यले."

पंजाबराव जळत होताच. तीस वर्षं जळणाऱ्या माणसानं एक दिवस खरं सांगितलं तर ते खरं आहे हे कशावरून ओळखायचं? पंजाबराव मान खाली घालून घरी आला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पंजाबरावनं महादर्शनाला दृष्ट लावायचा प्रयत्न केला.

"माह्यावर कोणी भरोसा नाई ठेवत," तो वच्छलाला म्हणाला.

"नको ठेवू दे. माणसाच्या बोलण्यावर कायले ठेवा लागते? पाण्यावर ठेवू दे." ती भाकरी थापत होती. "आपला पाइप त्यायच्या तळ्यापर्यंत पुरते का?"

सोमवारी पहाटे जानरावच्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मंडप होता, भोंगा होता. आभाळ खाली उतरल्यासारखं भरलं होतं, पानही हलत नव्हतं. महाराजांनी घंटी हातात घेण्याआधीच मासे वर आले होते, तळं तोंडांनी भरून गेलं होतं, आणि कडेला पंधरा-वीस मासे आडवे पडून कल्ले हलवत होते.

"आज उत्सव आहे," महाराज भोंग्यातून म्हणाले. "आज लेकरं साष्टांग दंडवत घालत आहेत."

गर्दीनं हात जोडले. जानरावनं जोडले, पण त्याची नजर कडेच्या माशांवर होती. एक मासा उलटा झाला. मग आणखी दोन.

"महाराज, हे मरून राह्यले," तो हळूच म्हणाला.

"मोक्ष आहे. रडू नकोस. पाच पोती अजून सोड, बाकीच्यांना कवच लागेल."

तेवढ्यात बांधाच्या पलीकडून पाइप आला. जाड, काळा, लांब, अजगरासारखा सरपटत. त्याच्या तोंडाला धरून पंजाबराव होता, चिखलानं माखलेला, कमरेला धोतर खोचलेलं. त्यानं पाइपाचं तोंड तळ्याच्या काठावरच्या बाभळीच्या फांदीत अडकवलं आणि ओरडला, "वच्छला, लाव."

पावणेसहा झाले होते. सहाला लाइट जाणार होती.

पाणी उंचावरून कोसळलं. दोन-चार पोरं पंजाबरावच्या अंगावर धावली. "उत्सवात विघ्न," महाराज भोंग्यातून गरजले, "धरा त्या मत्सरी माणसाला." जानराव सगळ्यांच्या पुढे होता, त्यानं पाइपाला हात घातला, ओढणार, आणि थांबला.

कारण मासे वळत होते. महाराजांच्या गादीसमोरचे, जप करणारे, साष्टांग घालणारे, सगळ्यांनी महाराजांकडे शेपट्या केल्या आणि पाइपाकडे निघाले. महाराजांनी घंटी वाजवली. जोरात वाजवली. एक मासा मागे फिरला नाही. आडवे पडलेल्यांपैकी काही धडपडत सरळ झाले आणि फेसात शिरले. शे-दीडशे माणसं पाण्यात पाहू लागली.

"जानराव," पंजाबराव म्हणाला, "मी जळतो. तुह्यावर लय जळतो, सगळ्या गावाले मालूम हाय. पण हे पाह्य. हे माह्या जळण्यानं होऊन राह्यलं का? तुही मोटर लाव. दहा मिनिटं राह्यले लाइट जाले."

जानरावनं पाइप सोडला आणि पेटीकडे धावला. दुसरी मोटर सुरू झाली. दोन्ही बाजूंनी पाणी पडू लागलं.

वच्छला तोवर बांध ओलांडून आली होती. तिनं रचलेल्या पोत्यांतलं एक ओढलं आणि तळ्याच्या काठावर रिकामं केलं. एक मूठ पाण्याच्या गिलासात टाकली. वर तरंगला तो कोंडा, खाली बसली ती राख, आणि पाणी गोड लागलं ते गुळानं. कापूर वासाला होता. मग तिनं पोतं उलटं केलं. आतल्या बाजूला छापलेली गाय होती, हसरी, आणि खाली लिहिलं होतं, दुभत्या जनावरांसाठी.

"एवढा कोंडा पाण्यात सडला की पहाटे हवा संपते, मासा तोंड वर काढते," ती लोकांकडे वळून म्हणाली. "महाराज म्हणतेत जप. मंग महाराज, एक करा. यायले दुपारी दोन वाजता बोलवा. लख्ख उन्हात. दोन वाजता पण देव असतेच नं?"

"दुपारचा काळ अशुभ असतो," महाराज म्हणाले.

"आन् मोटर चालू असली तं?"

"लोखंडाचा..."

"लोखंडाची तं तुमची जीप पण हाय," म्हशीवाला म्हातारा म्हणाला, आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

महाराजांचं संस्कृत तिथे संपलं. ते गादीवरून उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अबे गाडी चालू कर, काय पाहून राह्यला." शिंपल्यांची माळ मंडपाच्या दोरीत अडकून तुटली. शिंपले प्लास्टिकचे होते. अशा माणसांसाठी आपल्या राज्यात कायदा आहे, आणि पोलीस पाटलानं जीपचा नंबर लिहून घेतला. पण पाच तळेवाल्यांनी आपापली पोती आधीच घरी नेली होती, ती त्यांनी गुपचूप जनावरांना घातली.

जानरावचे तीस-चाळीस मासे गेले. बाकीचं तळं वाचलं. सहाला लाइट गेली तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं आणि पाण्यावर कुठेच तोंड नव्हतं. दोघं भाऊ मेलेले मासे टोपलीत भरत होते.

"मंग वयनी," जानरावनं विचारलं, "गेल्या हिवाळ्यात माह्या माशायले चट्टे काहून नाई आले? तवा तं महाराजही नव्हते."

"हिवाळ्याच्या आधी मी गोमतीले सांगून तुमच्या तळ्यात चुना टाकाले लावला होता, शिबिरातलं. आमच्या तळ्यात टाकू म्हटलं, तं हे म्हणाले, चुना पानाले लावाचा असते."

जानरावनं पंजाबरावकडे पाहिलं. पंजाबराव टोपलीत पाहत होता.

"आन् तुमच्या लसणात काय मंत्र हाय?" जानरावनं पुन्हा विचारलं.

"मंत्र नाई, माप हाय. थे पण खाण्यात, पाण्यात नाई. आन् पाणी घाण असलं तं लसूणही काई कामाचा नाई. त्यानं ताकद वाढते, जादू होत नाई. उद्या या, लिहून देईन."

गोमतीबाईनं सगळ्यांना चहा आणला. पंजाबरावच्या कपात साखर जास्त होती.

माघात दोन्ही तळ्यांतले मासे विक्रीला काढले. चट्टा एकालाही नव्हता. जानरावचे कटले पंजाबरावच्या कटल्यांपेक्षा चार बोटं मोठे निघाले, आणि पंजाबराव पुन्हा जळला. तीस वर्षांची सवय एका पाइपानं जात नाही. तो घरी आला, वच्छलाला म्हणाला, "त्याचे मोठे काहून?" ती म्हणाली, "त्यायनं मापानं खाद्य घातलं. तुमी तुरीत बसले होते." तो दुसऱ्या दिवशी वही घेऊन जानरावकडे गेला आणि माप उतरवून आणलं. जळजळ होतीच, पण या वेळी त्यानं जळत जळत विचारलं.

तर माझ्या बांधवांनो आणि बहिणींनो, तुमच्याही गावात उद्या कोणी घंटी घेऊन येईल. मासे नसतील तर कोंबड्या असतील, गाय असेल, तुमचं लेकरू असेल. शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही, या आगीत तुम्ही आधीच अर्धे भाजलेले असाल, आणि बुवाला तेच हवं असतं. तेव्हा एवढंच करा. शेजाऱ्याला पाण्यात पाहू नका, पाण्यात पाहा. आणि मासा तोंड वर काढून दिसला, तर हात जोडायच्या आधी मोटर लावा.